तिसरं पेडल

गाडी स्वतःची, आणि माणूस तिच्यापासून वीस पावलं लांब उभा. असलं गिऱ्हाईक वैजयंताबाईंनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. जुन्या गाड्या बाळगणारी माणसं कशी असतात ते त्यांना पाठ होतं. गाडी टोइंगवरून उतरते ना उतरते तोच बॉनेटवरून हात फिरवणार, आत बसून स्टिअरिंग धरणार, कारागिराने दार जरा जोरात लावलं की ह्यांच्या काळजात चर्र होणार. लेकीला बाळंतपणाला दवाखान्यात सोडून निघावं तसे वळून वळून बघत जाणार. आणि हा पराग गुप्ते. गाडी गॅरेजच्या गाळ्यात ढकलून होईपर्यंत रस्त्यापलीकडे फ्लेक्सवाल्याच्या सावलीत काठी टेकून उभा राहिला, आणि तिथूनच बाईंच्या मुलाशी, संघर्षशी, मोबाइलवर बोलला. दोघं एकमेकांना समोर दिसतायत, आणि बोलणं फोनवर.

“त्याचीच गाडी आहे का शेजाऱ्याची?” बाईंनी मुलाला विचारलं.

संघर्ष म्हणाला, सरांचा डावा पाय चालत नाही, कसली तरी नस दबलीय. ते बाईंनीही पाहिलं होतं. पाय मागून ओढत आणावा लागत होता, बुटाचं टोक घासून पांढरं पडलं होतं. पण पाय दुखणारा माणूस आत येतो, खुर्ची मागतो, पाणी मागतो. रस्त्यापलीकडे ताटकळत नाही. हा आला, उभा राहिला, आणि गाडी आत गेली तसा रिक्षात बसून निघूनही गेला. बाईंनी त्याच दिवशी त्याला मनातल्या मनात एक शिवी दिली आणि चहा मागवला.

मीरा रोडला, हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतला तो गाळा त्यांच्या यजमानांनी, ज्ञानदेव खिल्लाऱ्यांनी, घेतलेला. आता एका बाजूला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश होतं, दुसऱ्या बाजूला एम्ब्रॉयडरीची मशिनं दिवसभर कुरकुरतात. ज्ञानदेव गिअरबॉक्सचा माणूस. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षं बाईंची लाल प्लास्टिकची खुर्ची गाळ्याच्या तोंडाशी आहे. शाळा चौथीपर्यंत, तीही जालन्याकडच्या खेड्यात. अजून वाचताना ओळीखाली बोट ठेवावं लागतं. पण गाडी दारात वळली की कुठलं बेअरिंग रडतंय ते त्या डोळे मिटून सांगत, आणि चुकलं तर कबूल करत नसत.

ज्ञानदेवांनी गाळ्याला दोन सवयी लावून दिल्या होत्या. गाडीतून काढलेली वस्तू गाडी जाईपर्यंत गाळ्याबाहेर जायची नाही. आणि क्लचचं काम झालं की ट्रायल अनवाणी पायाने घ्यायची. क्लच नेमका कुठे धरतो ते तळव्याला कळतं, मधे चामडं आलं की कळत नाही. बूट खोटं बोलतो, असं ते म्हणायचे. संघर्ष कामाचे व्हिडिओ मोबाइलवर टाकायचा, त्यात ही अनवाणी ट्रायल हमखास असायची. लोकांना ते फार आवडायचं. कुठल्या कुठल्या गावाहून माणसं लिहायची, वा, याला म्हणतात जुनं काम.

पराग गुप्तेची गाडी म्हणजे दोन माणसांची, लांब नाकाची, बुटकी स्पोर्ट्स कार. रंग गडद हिरवा. पन्नास वर्षांची असेल, पण पत्रा असा की नख वाजवावं. गाडी ऑटोमॅटिक होती. म्हणजे क्लच नाही, गिअर टाकणं नाही, खाली दोनच पेडल, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. डाव्या पायाला कामच नाही. परागला ती मॅन्युअल करून हवी होती. ऑटोमॅटिकचा डबा उतरवून हाताने गिअर टाकायचा डबा बसवायचा, क्लच बसवायचा, तिसरं पेडल लावायचं. संघर्ष नुसता हरखून गेला होता. असलं काम मुंबईत चार-दोन माणसं करतात, त्यांच्या पंगतीत आपण बसणार म्हणून त्याला झोप नव्हती.

पराग फोनवर एवढंच बजावत होता की बाकी सगळं नवं घाला, पेडल मात्र गाडीचं स्वतःचं लावा. संघर्षने त्याला समजावलं, सर, ऑटोमॅटिकला क्लचचं पेडल नसतंच. तो म्हणाला, “असेल. बघा नीट.”

होतं. डाव्या पायाच्या कोपऱ्यातला गालिचा उचलला तर कोराकरकरीत, पन्नास वर्षांत पाय न लागलेला वाटावा असा. त्याच्या वरच्या अंगाला एक पत्र्याचं झाकण, चार स्क्रूंनी बसवलेलं, गाडीच्याच रंगाने रंगवलेलं. झाकण जुनं होतं, पण स्क्रूंच्या डोक्यांवरचा रंग उडून आतलं पितळ चमकत होतं. हल्लीच कुणीतरी ते उघडून परत लावलं होतं. आत क्लचचं पेडल वर उचलून तांब्याच्या तारेने आवळून बांधलेलं. म्हणजे गाडी मुळात मॅन्युअलच होती. कुणीतरी तिची ऑटोमॅटिक केली, आणि पेडल काढून टाकायचं सोडून असं डांबून ठेवलं.

पेडलच्या रबरावर पाच बोटं उमटली होती. झिजून झिजून खोलगट झालेली, अंगठा आणि चार बोटं.

“असल्या गाडीत अनवाणी कोण बसायचं?” बाई म्हणाल्या.

सदू खाली वाकलेला होता. सदू म्हणजे ज्ञानदेवांच्या हाताखाली तयार झालेला कारागीर, पन्नाशीचा, बडबड्या. त्याने रबराला हात लावला आणि झटकन काढला. मग म्हणाला, वहिनी, हात लावून बघा.

बाईंनी लावला. महिनाभर इंजिन चालू झालं नव्हतं. आणि रबर गरम होतं. उन्हाने पत्रा तापतो तसं नाही. नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीची बैठक असते, तसं.

सदूचं म्हणणं पडलं, एखादं लिंबू-मिरची बांधू. बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे बुद्धांची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची, खाली हार घातलेले ज्ञानदेव. “या गाळ्यात लिंबू सरबतासाठी येतं,” त्या म्हणाल्या. “वर पत्र्याचं छप्पर आहे, वैशाख आहे. गरम नाही लागणार तर काय थंड लागेल?” सदू परत स्क्रूंकडे वळला. बाईंनी हात मात्र दोनदा साबणाने धुतला.

काम पंधरा दिवस चाललं. जुना डबा उतरवून कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवला. इंजिनच्या पाठीला नवं चाक, त्यावर क्लचप्लेट, मग नवा डबा. खालचा लांब दांडा बोरिवलीहून कापून आणला. दोन सीटांच्या मधल्या बोगद्याला भोक पाडून गिअरचा दांडा वर काढला. सगळं कसं मापात बसत गेलं. इतकं सरळ बसत गेलं की सदू एकदा म्हणाला, गाडी वाटच बघत होती वाटतं. क्लचच्या नळीतली हवा काढायला पेडल वीस-पंचवीस वेळा दाबावं लागतं, ते सदूने दाबलं. त्याच्या पायात लोखंडी टोकाचे बूट होते.

ट्रायल बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. मागची चाकं स्टँडवर उचललेली. तेजश्री, सूनबाई, डबा घेऊन आली होती, तीच मोबाइल धरून उभी राहिली. संघर्षने बूट काढले, मोजे काढले, आत बसला. इंजिन लागलं तसा सगळ्या गाळ्याला एक बारीक कंप सुटला. त्याने क्लच दाबला, पहिला टाकला, हळूहळू पाय उचलला. चाकं फिरली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. आवाजात कुठे खोट नव्हती.

“आई, काय धरतोय क्लच,” तो आतून म्हणाला. “लोणी.”

मग त्याने परत दाबला. चाकं मंदावत थांबली. थांबली ती थांबलीच. बाईंनी डोळे उघडले.

“सोड आता.”

“सोडला की,” संघर्ष म्हणाला.

तेजश्रीने वाकून आत पाहिलं आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय पेडलवर होता, पार तळाला, करकचून दाबलेला. संघर्षनेही खाली पाहिलं. आपलाच पाय आहे का, असं बघितल्यासारखं. मग दोन्ही हातांनी मांडी धरून त्याने तो उचलून घेतला, आणि हसला. मुंग्या आल्या असतील म्हणाला.

संध्याकाळी परागचा फोन आला. गाडी कशी झाली, आवाज कसा येतो, काही विचारलं नाही. ट्रायल कुणी घेतली आणि बूट काढून घेतली का, एवढंच विचारलं. संघर्ष म्हणाला, हो सर, आपली पद्धतच आहे.  मग थँक यू म्हणून फोन बंद.

चार दिवसांत संघर्षच्या डाव्या पायातली चप्पल रस्त्यात गळायला लागली. गळाली ते त्याला कळत नसे. मागून कुणीतरी हाक मारून सांगे. आधी करंगळी बधिर, मग चवडा, मग घोट्यापर्यंत. डॉक्टरांनी टाचण्या टोचून पाहिल्या, पाठीचे फोटो काढले, नसांची तपासणी केली. सगळं नॉर्मल. औषधं लिहून दिली आणि आराम करा म्हणाले. संघर्षला आराम करणं कधी जमलं नव्हतं. पायाशिवाय त्या माणसाला धंदाच नव्हता. गाडीखाली सरपटणं, जॅकवर उभं राहणं, ट्रायल घेणं. घरात दुसरा कमावता नव्हता, आणि बाईंना दुसरा मुलगा नव्हता.

दहाव्या दिवशी तो एका टेम्पोखाली झोपून काम करत होता. इंजिन तासभर चालून नुकतं बंद केलेलं. बाई खुर्चीत डबा खात होत्या. त्यांना वास आला. मटण करपल्यासारखा. भांडीवाल्यांकडून येतोय का म्हणून त्यांनी तिकडे पाहिलं. मग सदू ओरडला. संघर्षचा पाय तापलेल्या सायलेन्सरला टेकला होता, केव्हाचा कोण जाणे, आणि तो निवांत नट आवळत बसला होता. कातडी पाइपाला चिकटून राहिली. तो बाहेर आला, पायाकडे पाहिलं, आणि आईकडे पाहून विचारलं, “हा वास माझा आहे का?”

बाईंनी डबा तसाच खाली ठेवला.

परागला फोन लावला तर तो उचलेना. एकदा निरोप आला, गाडीची घाई नाही, राहू द्या. ती हिरवी गाडी गाळ्याच्या मधोमध उभी होती आणि तिच्याभोवती काम करताना सदू भिंतीच्या कडेकडेने जात होता. बाईंनी त्याला टोकलं नाही. त्याही तिच्याकडे पाठ करून बसत नव्हत्या.

रविवारी दुपारी तेजश्री स्वयंपाकघरात आली. हाताला पीठ लागलेलं नव्हतं तरी हात पुसत होती. म्हणाली, आत्या, जरा आत चला, आवाज करू नका.

संघर्ष पंख्याखाली उताणा झोपला होता. उजवा पाय सैल पडलेला. डावा, बँडेजमधला, ज्याचं बोटही त्याला हलवता येत नव्हतं, तो हलत होता. चवडा सावकाश पुढे झुकायचा, थांबायचा, मग हलकेच मागे यायचा. थोड्या वेळाने परत.

बाई पलंगाजवळ खाली बसल्या. गाडीची बाई होती ती. दोन वेळा पाहिलं आणि कळलं. दाबला, सोडला, पहिला पडला. थोडं थांबून दाबला, सोडला, दुसरा. मग लांब अंतर. तिसरा. मग बराच वेळ पाय शांत, गाडी सरळ रस्त्याने चाललेली. तेजश्री काहीतरी पुटपुटत होती. बाईंनी हात करून तिला थांबवलं. आता चवडा पटपट दोनदा दाबला गेला. परत दोनदा. उतारावर गिअर खाली आणताना जुने ड्रायव्हर असं दुहेरी दाबायचे. ज्ञानदेव दाबायचे. संघर्षला ते कुणी शिकवलं नव्हतं, त्याच्या पिढीच्या गाड्यांना ते लागतच नाही.

बाईंना रस्ता ओळखू यायला लागला. घोडबंदरने चेणे सोडलं की पुढे घाट लागतो, तिथे बरोबर अशीच गाडी दुसऱ्यावर येते, मग वळण, मग परत. कुणीतरी कसलेला माणूस घाट उतरत होता. त्यांच्या मुलाच्या पायाने.

मग चवडा एकदम तळाला गेला आणि तिथेच राहिला. गुडघा ताठ झाला. मांडीच्या शिरा फुगल्या. संघर्ष झोपेतच होता, तोंड थोडं उघडं. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटांनी पाय सैल पडला.

दुसऱ्या दिवशी तोच रस्ता. फक्त शेवटी पाय नऊ मिनिटं ताठ राहिला, आणि बधिरपणा गुडघ्यावर चढला.

बाईंनी परागचा पत्ता बिलावरून सदूकडून वाचून घेतला आणि रिक्षा केली. मीरा रोडलाच, स्टेशनच्या बाजूला, सातमजली इमारत. लिफ्ट दुरुस्तीला काढलेली. त्या कठड्याला धरून चढत होत्या तेव्हा वरून कुणीतरी धाडधाड उतरत आलं, दोन-दोन पायऱ्या एकदम. पाठीला बॅडमिंटनची पिशवी. पराग. हातात काठी नव्हती. बाईंना पाहून तो जागच्या जागी थबकला. क्षणभर डावा पाय त्याने मुद्दाम जरा ओढला, मग ते सोडून दिलं. “काकू, मी फोन करतो संध्याकाळी,” म्हणाला, आणि त्यांना वळसा घालून खाली गेला. त्याच्या बुटांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला. दोन्ही पावलांचा, अगदी सारखा.

दार त्याच्या आईने उघडलं. मनोरमाबाई, सत्तरीपुढच्या, नीटनेटक्या. वैजयंताबाईंनी नाव सांगितलं, गाळ्याचं सांगितलं. पुढचं सांगावं लागलं नाही. त्या बाईंनी दार पुरतं उघडलं आणि विचारलं, “तुमच्या घरातलं कोण?”

“मुलगा.”

मनोरमाबाई आत जाऊन पाणी घेऊन आल्या आणि तो पेला हातातच धरून बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते सलग सांगितलं, खाली बघून, घरातलं आजारपण सांगावं तसं. त्यांचे यजमान काशीनाथ बोटीवर इंजिनिअर होते. गाडी त्यांनी दादरला असताना एका माणसाकडून घेतली. तो माणूस काठी टेकत आला होता. काशीनाथांना शेजारी बसवून म्हणाला, चालवून बघा, बूट काढा, मजा येते. जाताना काठी यांच्याच घरी विसरला. परत न्यायला या म्हणून कळवलं तर म्हणाला, टाकून द्या. यांना तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

वर्षभरात काशीनाथांचा पाय गेला. कसा सुटेल तेही त्यांना कळलं होतं, त्या काठीवरून. मित्र होते, कारागीर होते, कुणालाही बसवता आलं असतं. त्यांनी परदेशातून ऑटोमॅटिकचा डबा मागवला, बसवून घेतला, आणि पेडलवर झाकण स्वतःच्या हाताने लावलं. पेडल कापून फेकायची त्यांची छाती झाली नाही. कुणाच्या हाती लागलं तर, म्हणायचे. एकोणतीस वर्षं तसे जगले. जेवायला बसलं की टेबलाखाली पाय सुरू व्हायचा. मनोरमाबाई मांडीवर चादर टाकायच्या, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

“मी एकदा विचारलं होतं,” त्या म्हणाल्या, “हा चाललाय तरी कुठे. ते म्हणाले, माहीत नाही, पण अजून पोचलेला नाही.”

गेल्या मार्गशीर्षात काशीनाथ वारले. डॉक्टरांनी वारले म्हणून लिहून दिलं, त्यानंतरही पाय थांबायला बराच वेळ लागला. आणि महिन्याभरात परागने झाकण उघडलं. बापाने नको म्हटलेलं ते त्याला बघायचं होतं. तार सोडून, अनवाणी दाबून बघितलं. मग तीन महिने तो रोज मोबाइलवर गॅरेजवाल्यांचे व्हिडिओ बघत बसायचा. एक दिवस आईला म्हणाला, सापडला, हा अनवाणी दाबतो.

वैजयंताबाई उठल्या.

“माझ्या पोराला कसं वाईट म्हणू हो?” मनोरमाबाई दारात म्हणाल्या. “पाय आला त्याचा परत.”

वैजयंताबाई जिन्याकडे वळल्या. चार मजले उतरताना त्यांनी कठडा धरला नाही.

गाळ्यात दुपारचे अडीच वाजले होते. एम्ब्रॉयडरीची मशिनं चालू होती. त्यांनी सदूला शटर अर्धं ओढायला लावलं आणि बाहेर थांब म्हणाल्या. सदूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि गाडीकडे, आणि म्हणाला, वहिनी, तुम्ही तर असलं मानत नाही. बाई म्हणाल्या, “मानत नाहीच. मी क्लच बघतेय.”

चपला काढून त्यांनी गाडीच्या दाराशी जोडून ठेवल्या. सीट फार खाली होती. लुगडं आवरत, गुडघे कुरकुरत त्या आत बसल्या. आत चामड्याचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक, घामेजलेल्या पायांचा. काच बंद नसूनही मशिनांचा आवाज लांब गेला.

त्यांनी डावा पाय उचलला. अडुसष्ट वर्षांचा, भेगाळलेला, जालन्याच्या ढेकळांतून आणि ह्या गाळ्याच्या ग्रीसमधून चाललेला पाय. क्षणभर तो त्यांना फार आपला वाटला.

मग त्यांनी पेडलवर ठेवला.

रबर नव्हतं.

तळव्याला तळवा लागला. गरम, कोरडा, पुरुषाचा. बोटांना बोटं लागली, एकेक करून, जुळवून घेतल्यासारखी. त्यांनी खाली पाहिलं. खाली फक्त त्यांचा पाय होता आणि पेडल होतं.

पलीकडून कुणीतरी रेटत होतं.

बाईंनी दात आवळले आणि दाबलं. पार तळापर्यंत. दाबून धरलं. सोडायची वेळ त्यांच्या हातात नव्हती. ती दुसऱ्याने ठरवली. केव्हातरी पाय आपोआप वर आला, आणि वर आला तेव्हा तो त्यांचा नव्हता.

मोबाइल वाजला. तेजश्रीचा होता. ती बोलत होती पण तिच्यामागून संघर्षचा आवाज येत होता, गुरासारखा ओरडण्याचा. भाजलेली जखम त्याला पहिल्यांदाच लागत होती. आत्या, ह्यांना फार दुखतंय, ह्यांना फार दुखतंय, तेजश्री रडत रडत सांगत होती. बाई फोन कानाला लावून, डोळे मिटून, ते ओरडणं बराच वेळ ऐकत राहिल्या. आवाजात कुठे खोट नव्हती.

मग त्यांनी सदूला हाक मारली. पेडल कापून घेतलं, फडक्यात बांधून पिशवीत टाकलं. ते कुठे ठेवलं ते त्यांनी मुलालाही सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. गोणपाटाखालचा ऑटोमॅटिकचा डबा सदूने परत चढवला. संघर्ष लंगडत का होईना आठवड्याने गाळ्यावर आला, आणि आईला खुर्चीवरून उठायला दोन माणसं लागतात हे पाहून काही विचारायला लागला, तर त्यांनी त्याला वय झालं म्हणून सांगितलं. त्याने विश्वास ठेवला. मुलं ठेवतात.

पराग आला तो सकाळी, चांगला ताठ चालत, रस्ता ओलांडून थेट आत. पहिल्यांदाच. गाडीत वाकून पाहिलं आणि चमकला. काकू, हे काय, म्हणाला, दोनच पेडल आहेत. मी मॅन्युअल सांगितली होती. आणि मग त्याचं लक्ष बाईंकडे गेलं.

त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. हात मांडीवर. लुगड्याच्या काठाखालून डावा पाय बाहेर आला होता, आणि त्याचा चवडा सावकाश पुढे झुकत होता. थांबला. मागे आला. मग पटपट दोनदा.

पराग एक पाऊल मागे सरला. त्याची नजर त्या पायावरून हलेना. पाय तळाला गेला, आणि ताठ झाला. बाईंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी तो पुसला नाही. पुढची अकरा मिनिटं पाय तसाच ताठ राहिला. परागही हलला नाही. मग चवडा वर आला, आणि थोडं थांबून परत चालू लागला. घाट संपला होता. आता पुढचा रस्ता होता, बाईंनाही ओळखू न येणारा.

“पराग,” त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, “तुझ्या बापाने हे एकोणतीस वर्षं सांभाळलं आणि कुणाच्या दारात नेऊन टाकलं नाही. तो माणूस होता. तू नुसता चालतोस.”